नारळी डंपलिंग ते ऑइल डाउन : प्रकल्प नोंदी, ऑगस्ट–सप्टेंबर २०२५

शनिवार, २ ऑगस्ट : शब्द आणि सामान

काय करायचंय: ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, जमैका या बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या गयानात मैद्यात ओला नारळ घालून डंपलिंग उकडतात, ती रत्नागिरीत मिळणाऱ्या सामानात जमवायची. आधी नुसती पाण्यात, मग वाफेवर, आणि शेवटी ग्रेनाडाचं राष्ट्रीय पक्वान्न मानलं जाणारं 'ऑइल डाउन', म्हणजे तेल सुटेपर्यंत आटवलेल्या नारळाच्या दुधात भाज्या आणि डंपलिंगं, एका पातेल्यात.

पीठ मळण्याआधी शब्द निस्तरावे लागतात. तिकडच्या पाककृती वाचून बिघडलेले घाणे बहुतेक वेळा शब्दांनी बिघडवलेले असतात.

'ड्राय कोकोनट' वाचलं की आपला हात सुक्या खोबऱ्याच्या वाटीकडे जातो. तिकडे शहाळ्याला 'जेली' किंवा 'वॉटर' नारळ म्हणतात. 'ड्राय' म्हणजे झाडावर पिकून तपकिरी झालेला, हलवला की आत पाणी वाजणारा. थोडक्यात, आपला रोजचा नारळ. ग्रेनाडाच्या पाककृतीत 'सॅफ्रन' लिहिलं असेल तर ती हळद; केशर घालून पैसे फुकट घालवू नयेत. 'कॉर्नमील' म्हणजे मक्याचं रवाळ पिवळं पीठ. आपल्या वाण्याकडे 'कॉर्नफ्लॉवर' मागितलं तर मक्याचं पांढरं स्टार्च मिळतं, त्याची डंपलिंगं पाण्यात विरघळतात. जमैकातलं 'काउंटर फ्लॉवर' हे वेगळं पीठ नव्हे, दुकानात सुटा मिळणारा मैदा.

उरला 'डंपलिंग' हाच शब्द. याच्या पोटात सारण नसतं. मोदक किंवा मोमो डोळ्यांपुढे ठेवून वळायला बसलं तर सगळंच चुकतं. जवळचं नातं वरणफळांशी: पीठ, पाणी, मीठ, आणि ज्या रश्शात शिजायचं त्याची चव. फरक इतकाच की वरणफळ पातळ लाटतात, हे जाड ठेवतात आणि चावायला लागलंच पाहिजे. मऊपणा हा इथे गुण नाही.

सामान: मैदा (पुड्यावर प्रथिनं १०० ग्रॅमला १०.५ ग्रॅम), सोललेले नारळ ६, मक्याचं रवाळ पीठ, बारीक मीठ, ग्रॅमचा काटा, स्वयंपाकाचा थर्मामीटर, ५ लिटरचं जाड बुडाचं पातेलं. मोदकपात्र उसनं, २७ तारखेला गणपतीला परत हवंय, त्यामुळे वाफेचे घाणे त्याआधी उरकायचे.

एका मध्यम नारळाचा चव (खवलेलं ओलं खोबरं) १९० ते २१० ग्रॅम निघाला. फोडल्यावर प्रत्येक वाटीचा वास घेतला. सहापैकी एक खवट निघाला आणि बाजूला गेला. आमटीत खवटपणा मसाल्याखाली लपतो. या पिठात मसाला नाही, त्यामुळे एक खवट वाटी सगळा गोळा नासवते.

रविवार, ३ ऑगस्ट : घाणा १ ते ३

घाणा १, बिननारळाचा, तुलनेसाठी. मैदा २५० ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम, गार पाणी १२५ मिली. परातीत ८ मिनिटं मळलं, ओल्या फडक्याखाली २० मिनिटं ठेवलं. चपट्या चकत्या, उकळत्या मिठाच्या पाण्यात १४ मिनिटं. घट्ट, गुळगुळीत, कापल्यावर आत एकसारखा रंग. चव अर्थात मैद्याची.

घाणा २, मुद्दाम चुकीचा. तेवढाच मैदा, ६० ग्रॅम किसलेलं सुकं खोबरं. मळताना पीठ सतत कोरडं पडत गेलं. १२५ मिलीत गोळा होईना, १५० मिलीवर झाला, आणि अर्ध्या तासाने पुन्हा भेगा. खोबऱ्यात पाणी जवळजवळ नसतंच. ते मैद्याशी पाण्यासाठी भांडतं आणि पंधरा मिनिटांच्या उकळीत स्वतः मऊही होत नाही. शिजल्यावर दाताखाली लाकडाच्या भुशासारखे कण, पाण्यावर तेलाचा तवंग.

घाणा ३: मैदा २५०, खवणीवरचा ओला चव ६०, मीठ ४, पाणी १२५. चव आणि मीठ मैद्यात कोरडंच बोटांनी चोळून घेतलं, पाणी नंतर. हा क्रम महत्त्वाचा निघाला. चव आधी चोळला की प्रत्येक कणाला मैद्याचा लेप बसतो आणि मळताना गुठळ्या राहत नाहीत. ओल्या गोळ्यात मागून चव घातला तर तो एका बाजूला सरकत राहतो.

गोळा ४३८ ग्रॅम. ४० ग्रॅमची ११ डंपलिंगं झाली.

शनिवार, ९ ऑगस्ट : नारळ किती

२५० ग्रॅम मैद्याला ४०, ६०, ९० आणि १२० ग्रॅम चव, बाकी सगळं सारखं.

४० ग्रॅम: नारळ आहे हे सांगावं लागतं. ६०: चावताना कळतो, आकार टिकतो. ९०: वास उत्तम, पण चकतीच्या कडा फाटल्या आणि उकळत्या पाण्यात कडेचे तुकडे सुटले. १२०: अकरापैकी चार फुटली, पाणी दुधासारखं पांढरं.

कारण साधं आहे. मैदा मळल्यावर ग्लुटेनची, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांची, जाळी तयार होते, ती डंपलिंग बांधून ठेवते. चवाचा प्रत्येक धागा त्या जाळीला एक भोक पाडतो, वर त्यातलं तेल मैद्याच्या कणांभोवती बसून जाळी आखूड करतं. ६० पर्यंत जाळी पुरते, ९० ला तुटायला लागते. ९० हवेच असतील तर मळणं ८ वरून १२ मिनिटांवर न्यावं आणि चव मिक्सरमधून दोन झटके फिरवून आखूड करावा. दोन्ही करून पुन्हा उकडलं, कडा धरल्या.

चव कसा खवला यानेही फरक पडतो. खवणीच्या दातऱ्यांनी आखूड, ओलसर कीस पडतो. नारळाचे तुकडे सोडवून किसणीच्या मोठ्या भोकांवर किसले तर लांब धागे येतात आणि तेच फाटायला कारण होतात. कॅरिबियन घरांत नारळ करवंटीतून सोडवून चौकोनी किसणीवर किसतात, पण बारीक बाजूने. वाटीच्या तळाची तपकिरी पाठ खवली गेली तर डंपलिंग राखट दिसतं, चवीला काही होत नाही.

रविवार, १० ऑगस्ट : पाणी, दूध, चोथा

पाण्याऐवजी नारळाचं घट्ट दूध घालावं असा सल्ला सर्रास मिळतो. १२५ मिली पाण्याच्या जागी १२५ मिली पहिलं दूध घालून पाहिलं. गोळा भुसभुशीत, वळताना तडे. मोजमापात चूक दिसत नाही, पण आहे. पहिल्या दुधात पाचवा हिस्सा किंवा थोडं जास्तच तेल असतं. १२५ मिली ओतलं तरी मैद्याला पाणी शंभराच्या आतच मिळालं, शिवाय तेल वेगळं पडलं. १५० मिली दुधाने गोळा जमला. डंपलिंग अंगाने मऊ, कापल्यावर थोडं केकसारखं. वाईट नाही, पण रश्शात टाकायला दुबळं.

निम्मं-निम्मं (६५ मिली दूध, ६५ मिली पाणी) हा मेळ सर्वांत चांगला बसला. ज्या रश्शात आधीच नारळाचं दूध आहे, त्यात टाकायच्या डंपलिंगांना मात्र नुसतं पाणीच बरं.

पाण्याचा आकडा पावसाळ्यातला आहे. भर पावसात उघड्या पुड्यातल्या मैद्याने हवेतला ओलावा आधीच पिऊन ठेवलेला असतो. नवा पुडा फोडला तेव्हा त्याच मापाला ७–८ मिली पाणी जास्त लागलं. म्हणून १२५ पैकी ११० मिली आधी घालावं, बाकीचं चमच्याने. बरोबर झालेला गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या कणकेच्या जवळ. बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि हळूहळू अर्धाच भरतो. पूर्ण भरून आला तर अजून मुरायला हवा; बोटाला चिकटला तर पाणी जास्त.

चोथा: दूध काढून उरलेला चव टाकवत नाही, हे खरं. तो ६० ग्रॅम घालून केलेली डंपलिंगं कोरडी आणि बेचव. ३० ग्रॅम चोथा, ३० ग्रॅम ताजा चव आणि एक चमचा लोणी घातलं तेव्हा खाण्यासारखी झाली. नुसता चोथा चटणीला ठेवावा.

शुक्रवार, १५ ऑगस्ट : आकार

तीन आकार, तीन वेगळ्या कामांसाठी.

चकती: ४० ग्रॅमचा गोळा तळहातावर दाबून ५ ते ६ सेंमी रुंद, सेंमीभर जाड, आणि मधोमध अंगठ्याने खळगा. खळगा शोभेचा नाही. मधला भाग शिजायला सगळ्यात उशिरा लागतो, तिथली जाडी कमी केली की कडा आणि मध्य एकाच वेळी तयार होतात. शिवाय रस्सा त्यात साठतो. हा जमैकातला रोजचा आकार.

स्पिनर: १० ग्रॅमची गोळी दोन्ही तळहातांमध्ये घासून बोटभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती. शेंगोळे वळणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. जमैकात राजम्याच्या सूपमध्ये आणि 'स्ट्यू पीज'मध्ये हीच पडतात. ग्रेनाडात ऑइल डाउनला अशीच, पण अंगठ्याएवढी जाड, १५ ते २० ग्रॅमची.

वळताना हाताला मैदा लावू नये, पाणीही नाही. मैद्याने टोकं फाटतात, कोरड्या थरावर थर बसत नाही; पाण्याने अंग चिकट होऊन भांड्यात एकमेकांना धरतात. खोबरेल तेलाचं एक बोट पुरतं.

तिसरा आकार गयानाच्या 'डफ' नावाच्या डंपलिंगाचा. तो वाफेचा, वेगळा लिहू.

शनिवार, १६ ऑगस्ट : उकळणं

अडीच लिटर पाणी, दोन चमचे मीठ, ११ चकत्या. पाणी खदखदत असतानाच एकेक सोडायची. कोमट पाण्यात सोडली तर बाहेरचा थर शिजून बंद होण्याआधीच मैदा पाण्यात उतरतो आणि अंगाला खळीसारखा बुळबुळीत थर येतो. सोडल्यावर लाकडी उलथन्याने बुडाशी एकदाच हलवावं. पहिल्या मिनिटात बुडाला टेकलेली चकती तिथेच धरते आणि मग सोडवताना फाटते.

तरंगलं म्हणजे शिजलं, हा समज खोटा. चकत्या चौथ्या मिनिटाला वर आल्या. तेव्हा एक फोडली: मधोमध पांढऱ्या खडूसारखा कच्चट ठिपका, थर्मामीटर ७१ अंश. नवव्या मिनिटाला ८८. चौदाव्याला ९५, ठिपका गेला, आत-बाहेर सारखा रंग. ४० ग्रॅमची चकती शिजल्यावर ४७ ग्रॅम भरली. स्पिनरना ८ मिनिटं पुरली.

आचेबद्दल: झाकण अर्धं ठेवून उकळी चालू राहील इतपत मध्यम. पूर्ण झाकलं की पाणी फेस धरून उतू जातं, मैदा त्यात असतोच. शेगडी पुसायला लागली तेव्हा हे लक्षात आलं.

शिजल्यावर पाण्यातच ठेवायची नाहीत. दहा मिनिटांत आणखी फुगतात आणि बाहेरचा थर लिबलिबीत होतो. चाळणीत काढून वर थोडं खोबरेल तेल. दोन घाणे यासाठीच वाया गेले, तेही चांगले शिजलेले.

रविवार, १७ ऑगस्ट : मका आणि बेकिंग पावडर

मैदा १९० ग्रॅम, मक्याचं रवाळ पीठ ६०, चव ६०. मक्याचं पीठ आधी ५० मिली कडक गरम पाण्यात १० मिनिटं भिजवलं, गार झाल्यावर मैद्यात. न भिजवता केलेला घाणा रेव चावल्यासारखा लागला. रंग सुरेख पिवळा. मक्यात ग्लुटेन नाही, म्हणून ६० च्या वर जाऊ नये.

बेकिंग पावडर एक चमचा घालून चकत्या पाण्यात उकडल्या: अंगाला भोकं, स्पंजसारखी, हातात घेतली की पाणी गळतं. उकळायच्या डंपलिंगात पावडर नको. तळायच्या आणि वाफेच्या डंपलिंगात हवी.

शनिवार, २३ ऑगस्ट : गयानाचं डफ

गयानात 'मेटेमजी' नावाचं पातेलं करतात. नारळाच्या दुधात कसावा, अळकुड्या, रताळी, प्लान्टेन म्हणजे राजेळीसारखी भाजीची केळी, सोबत खारवलेला मासा किंवा मांस, आणि सगळ्यात शेवटी वर डफ. डफ रश्शात बुडत नाही. कंदांच्या डोक्यावर बसून वाफेवर फुलतं. आज कंदांशिवाय, मोदकपात्रात नुसतं डफ.

मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर ८, साखर १५, मीठ ३, गार लोणी २५, चव ५०, नारळाचं दूध १५० मिली. लोणी मैद्यात बोटांनी मोडून, मग चव, मग दूध. मळायचं नाही, फक्त एकत्र आणायचं. इथे आधीचे सगळे नियम उलटे: उकळायच्या पिठाला जाळी हवी, याला नको. गोळा सैल आणि किंचित चिकट असतो. सहा लांबट गोळे, अंडाकृती, एकमेकांपासून दोन बोटं दूर, कारण दीडपट होतात.

पहिला घाणा वरून ओला आणि गिच्च. मोदकपात्राच्या सपाट झाकणावरून वाफेचं पाणी थेट डफवर ठिबकलं. दुसऱ्या वेळी झाकणाला पंचा बांधला, कोपरे वर गाठवून. कोरडं, फुललेलं, वरून तडकलेलं.

तिसऱ्या घाण्यात सातव्या मिनिटाला झाकण उघडून पाहिलं. मुद्दाम. डफ दोन मिनिटांत बसलं आणि पुन्हा उठलं नाही. तोवर आतल्या बुडबुड्यांच्या भिंती शिजून घट्ट झालेल्या नसतात. गार हवा लागली की वायू आक्रसतो आणि भिंती कोसळतात. १५ मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. काचेचं झाकण असेल तर हा मोह सोसणं सोपं.

रविवार, २४ ऑगस्ट : ऑइल डाउन, पहिला प्रयत्न

श्रावण काल संपला, त्यामुळे आज खारा बांगडा चालणार होता. ग्रेनाडात डुकराची खारवलेली शेपटी किंवा खारवलेला मासा घालतात. खारा बांगडा मूळ पदार्थापासून फार लांब जात नाही. जमैकाच्या 'रनडाउन'मध्ये, म्हणजे आटवलेल्या नारळाच्या दुधात, खारवलेला मॅकरेलच शिजतो आणि बांगडा त्याच कुळातला.

बाकीचं सामान कोकणात जवळजवळ जसंच्या तसं मिळतं. ब्रेडफ्रूट म्हणजे नीरफणस. १७९३ साली कॅप्टन ब्लाय यांनी 'प्रॉव्हिडन्स' जहाजातून त्याची रोपं ताहितीहून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला नेली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्त अन्न म्हणून. ग्रेनाडात ज्याला 'डशीन'ची पानं किंवा 'कॅलालू' म्हणतात ते आपलं अळू. त्रिनिदादमध्ये वापरतात तो रुंद पानाचा 'थाइम' म्हणजे बाल्कनीतल्या कुंडीतला पानओवा. फक्त स्कॉच बॉनेट मिरची नाही. देठासकट एक अख्खी तिखट हिरवी मिरची घातली.

५ लिटरच्या पातेल्याचं माप: नीरफणस १ (१.२ किलो, सोलून, गाभा काढून आठ फोडी), कच्ची राजेळी केळी ३, गाजरं २, खारा बांगडा ३ (रात्रभर भिजवून, दोन पाण्यांत उकळून, काटे काढून), कांदा १, पातीचा कांदा ४ काड्या, लसूण ६ पाकळ्या, पानओव्याची ४ पानं, हळद २ चमचे, अळूची १४ पानं देठासकट, तीन नारळांचं दूध १.२ लिटर. डंपलिंगं १८, प्रत्येकी १८ ग्रॅम, त्यांच्या पिठात मीठ निम्मं, म्हणजे २५० ग्रॅम मैद्याला २ ग्रॅम या प्रमाणात. मासा दोनदा उकळूनही खारट राहतोच.

थर लावणं याला ग्रेनाडात पातेलं 'पॅक' करणं म्हणतात. बुडाशी मासा आणि कांदा, त्यावर नीरफणस, केळी, गाजर, मग डंपलिंगं, सगळ्यात वर अळूची पानं पांघरुणासारखी. हळद दुधात कालवून वरून ओतली. एकदा पॅक केलं की ढवळायचं नाही.

खरी अडचण आपल्या सवयीची निघाली. नारळाचं दूध घातल्यावर आच मंद करायची, उकळी येऊ द्यायची नाही, दूध फुटता कामा नये, हे कोकणातल्या हाताला इतकं बसलेलं असतं की पातेलं पंचवीस मिनिटं नुसतं रटरटत राहिलं. दूध जसंच्या तसं, भाज्या मऊ, डंपलिंगं भिजून सुजलेली. 'ऑइल डाउन' या नावातच कृती आहे: दूध आटून, फुटून, तेल सुटून बुडाशी उतरलं पाहिजे. ज्याला आपण बिघडलं म्हणतो ते इथे झालं पाहिजे. आच वाढवली तेव्हा उशीर झाला होता. तेल सुटेपर्यंत वरची डंपलिंगं गिजगोळा.

दुसरी चूक अळूची. पानं सगळ्यात वर होती, वाफ लागली पण उकळतं दूध लागलं नाही. खाल्ल्यावर घसा खवखवला. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आपण फदफद्यात चिंच नाहीतर आंबट चुका घालतो, इथे आंबट काहीच नाही; त्यामुळे सगळी मदार पूर्ण शिजण्यावर.

मंगळवार, २६ ऑगस्ट

मोदकपात्र घासून परत. गणपती संपेपर्यंत काम बंद. बाजारात नारळाचा भाव चढलेला.

शनिवार, १३ सप्टेंबर : ऑइल डाउन, दुसरा प्रयत्न

मासा नाही. ग्रेनाडा-जमैकातले रास्ताफारी पंथीय 'इटल' पद्धतीने मांसाशिवाय रांधतात, बरेच जण मीठही घालत नाहीत. आज मासा वगळला, मीठ ठेवलं (पातेल्याला ८ ग्रॅम, डंपलिंगांच्या पिठात नेहमीचं).

बदल असे. अळू काळ्या देठाचं, वडीचं; देठ सोलून बोटभर तुकडे, पानं फाडून. ती नीरफणसाच्या खाली-वर, दुधात बुडतील अशी. तीनच मोठी पानं झाकायला राखली. डंपलिंगं सुरुवातीला नाहीत. दूध १.२ वरून १ लिटर. आच सुरुवातीपासून मोठी, झाकण घट्ट.

० मिनिट: पातेलं गॅसवर. ९: उकळी. २५: दूध फोडींच्या निम्म्यापर्यंत उतरलं, कडेला पिवळे ठिपके दिसायला लागले. आता डंपलिंगं, फोडींवर एका थरात, निम्मी दुधात आणि निम्मी वाफेत; वर राखलेली पानं; झाकण. आच मध्यम. ३८: पातेल्यातला आवाज बदलला. उकळीची गडगड जाऊन तळणीसारखी चरचर. हाच इशारा. इथून दोन-तीन मिनिटांत बुडाला लागतं. झाकण काढलं, पातेलं तिरकं केलं, कोपऱ्यात तीन-चार चमचे स्वच्छ पिवळं तेल साचलं. ४०: गॅस बंद, झाकून १० मिनिटं.

डंपलिंगं खालून हळदीने पिवळी आणि तेलकट, वरून पांढरी, मधोमध ९४ अंश. चावायला लागतात. घसा ठीक, मात्र वरची तीन पानं बाजूला काढली, ती झाकणापुरतीच. मिरची अख्खी, देठासकट बाहेर आली. काढताना उलथनं हळू घालावं. फुटली तर तिखट तेलात उतरतं आणि मग काही करता येत नाही.

बुडाशी केळ्याच्या दोन फोडी करपल्या. पुढच्या वेळी केळी वर, नीरफणस खाली.

रविवार, १४ सप्टेंबर : उरलेली, आणि गोठवणं

कालची शिजलेली सहा डंपलिंगं फ्रिजमध्ये होती. गार झाल्यावर दगड होतात, कारण मैद्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. मायक्रोवेव्हमध्ये वातड झाली. उभी चिरून खोबरेल तेलात दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं परतली: कडा कुरकुरीत, आत मऊ. उरलेली डंपलिंगं सकाळी परतून खायची रीत जमैकातही आहेच. काही जणांना ती पहिल्या दिवसापेक्षा आवडतात, आणि ते चूक नाहीत.

कच्ची गोठवायची तर आकार देऊन, ताटात एकमेकांना न लागता दोन तास, मग पिशवीत. उकळताना वितळवायची नाहीत. थेट उकळत्या पाण्यात, चकतीला ५ मिनिटं जास्त. वितळवलेल्या घाण्यात चवाने पाणी सोडलं आणि पीठ चिकट झालं. मळलेला गोळा बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये. अडीच तासांनी आंबूस वास आला.

शेजारचं काम, अँटिग्वाची 'डुकाना', एकदाच करून पाहिली. रताळं किसून ५०० ग्रॅम, चव २००, मैदा २००, साखर १५०, नारळाचं दूध १०० मिली, जायफळ, दालचिनी. केळीच्या पानात बांधून मिठाच्या पाण्यात ४५ मिनिटं उकळायची, पातोळीसारखी वाफवायची नाही. पान आधी गॅसवर शेकून मऊ केलं होतं. तरी आठपैकी तीन पुड्यांत पाणी शिरलं, कारण घडी शिरेच्या बाजूने घातली होती आणि पान तिथेच चिरलं. शीर काढून, दोन पानं आडवी-उभी, सुतळीची गाठ दोनदा. पाच पुड्या चांगल्या निघाल्या. अँटिग्वात गोड डुकाना खाऱ्या माशाबरोबर वाढतात. खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा फ्रीझरमध्ये शिल्लक आहे.